बारशाआधीची मदत : मुंबईतील धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मुंबई शहर व उपनगरांत रुग्णसाहाय्य करणाऱ्या धर्मादाय संस्था, देवस्थाने आणि सार्वजनिक उत्सव मंडळे यांची विश्वस्त मंडळे

प्रत माहितीसाठी : मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, वरळी, मुंबई

विषय : जन्मजात व्यंग असलेल्या नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेसाठी द्यावयाच्या अर्थसाहाय्याचा निर्णय आईच्या कागदपत्रांवर आणि एका दिवसाच्या आत व्हावा, याबाबत.

सन्माननीय विश्वस्त महोदया व महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात मी कित्येक वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले. निवृत्तीनंतरही परळ, शीव आणि भायखळा या पट्ट्यातील रुग्णालयांत दाखल असलेल्या बाळांच्या आईवडिलांना मदतीचे अर्ज भरून देणे, कोणत्या संस्थेकडे कोणत्या वारी जायचे ते सांगणे आणि गरज पडल्यास त्यांच्यासोबत जाणे, एवढे काम मी करत असते. त्या निमित्ताने आपल्या संस्थांच्या कार्यालयांतील बाकांवर मी पुष्कळदा बसले आहे, आणि आपण दिलेल्या धनादेशांमुळे वाचलेली मुले आज दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहिली आहेत. आपल्या दानतीविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्या रुग्णाला मदतीची सर्वांत अधिक घाई असते, त्याच्याच बाबतीत आपली कार्यपद्धती सर्वांत अधिक वेळ घेते, ही गोष्ट आपल्यापुढे स्पष्ट शब्दांत मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

हा रुग्ण म्हणजे काही तासांचे किंवा काही दिवसांचे बाळ. त्याच्या शरीरातील एखादे इंद्रिय गर्भातच अपुरे किंवा चुकीचे घडलेले असते आणि शस्त्रक्रिया झाल्याशिवाय ते जगण्याची शक्यता नसते.

आपल्यापैकी बहुतेक संस्थांच्या अर्जात रुग्णाचे पूर्ण नाव, आधार क्रमांक, शिधापत्रिकेतील नोंद, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाच्या लेटरहेडवरील खर्चाचे मूळ एस्टिमेट, डॉक्टरांची सही आणि शिक्का, रुग्णाचे छायाचित्र, आणि काही ठिकाणी लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र एवढे मागितलेले असते. हा अर्ज कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयाची झडप अशा आजारांच्या मोठ्या माणसाला समोर ठेवून तयार झालेला आहे, आणि अशा माणसाजवळ कागद गोळा करण्याइतका वेळ बहुधा असतो. नवजात बाळाजवळ यांतले काहीच नसते. केसपेपरवर त्याची ओळख ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव एवढीच असते. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते, आणि बाळ अतिदक्षता कक्षात असेल तर घरचे लोक तेही पुढे ढकलतात, कारण नाव ठेवल्यावर काही बरेवाईट झाले तर ते सोसवणार नाही ही भीती त्यांच्या मनात असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने जन्माची नोंद करण्यास २१ दिवसांची मुदत दिलेली आहे, आणि बाळाचे नाव तर पुढे १५ वर्षांपर्यंतही नोंदवून घेता येते. कायदा ज्या गोष्टीसाठी एवढी सवड देतो, ती आपला अर्ज पहिल्याच रकान्यात मागतो. जन्माचा दाखला हाती नाही म्हणून आधार नाही आणि शिधापत्रिकेत नावही नाही, अशा स्थितीत बाळाचे वडील महापालिकेचे वॉर्ड ऑफिस, शिधावाटप कार्यालय आणि सेतू केंद्र यांच्यामध्ये फिरत राहतात, तर आई सिझेरियनच्या टाक्यांसह अनेकदा दुसऱ्याच रुग्णालयात पडून असते.

या बाळांच्या बाबतीत वेळेचे महत्त्व नेमके काय असते, हे मी थोडे विस्ताराने सांगते, कारण विश्वस्त मंडळात नवजात शस्त्रक्रियेशी परिचय असलेली व्यक्ती असेलच असे नाही. काही बाळांची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते आणि तिचे खालचे टोक श्वासनलिकेला जोडलेले असते. साधारण तीन ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. अशा बाळाच्या तोंडातून जन्मापासून फेस येत राहतो, तोंडातून पोटात घालायची नळी अर्ध्यावर अडते, आणि क्ष-किरण चित्रात ती नळी वरच्या भागातच वेटोळे घालून बसलेली दिसते. त्याला दुधाचा एक थेंबही देता येत नाही, लाळ फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, आणि म्हणून शल्यचिकित्सक पहिल्या एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करू पाहतात. अन्ननलिकेची दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत जोडून बाळ वाचवण्यात पहिले यश १९४१ मध्ये अमेरिकेतील कॅमेरॉन हाइट यांना मिळाले. आज चांगला अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी, वजन पुरेसे असलेली आणि हृदयाचा दोष नसलेली अशी बहुतेक बाळे वाचतात. वैद्यकशास्त्राने आपला प्रश्न सोडवून आठ दशके उलटली आहेत, आणि आता अडते ते पैसे पोहोचण्यापाशी.

दुसरे उदाहरण हृदयाचे. हजार जिवंत जन्मांमागे आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यांतील अनेकांना थांबायला सवड असते आणि काही छिद्रे तर आपोआपही बुजतात. परंतु ज्या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, ते निळे पडत जाते, आणि त्याला एका औषधाच्या सततच्या ठिबकावर तात्पुरते तगवून ठेवावे लागते. या रक्तवाहिन्या मूळ जागी बसवण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली. ती शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते, कारण त्यानंतर हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू कमी दाबाला सरावून दुबळा होतो आणि तीच शस्त्रक्रिया अधिक धोक्याची ठरते. ज्या संस्थेची सभा महिन्यातून एकदाच होते, तिच्याकडे या बाळाचा अर्ज सभेच्या दुसऱ्या दिवशी आला, तर पुढच्या सभेपर्यंत त्या बाळाचा सर्वांत चांगला काळ निघून गेलेला असतो. मणक्याचा भाग उघडा राहिलेल्या बाळाची पाठ जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दोन-तीन दिवसांत बंद करावी लागते. पोटाच्या भिंतीतून आतडी बाहेर आलेल्या बाळाबाबत तर तासांचा हिशेब असतो.

प्रत्येक जन्मजात व्यंगासाठी एवढी घाई करावी लागत नाही, हेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया बाळ काही महिन्यांचे होऊन त्याचे वजन वाढल्यावर केली जाते, आणि ती विनामूल्य करून देणारे उपक्रमही आहेत. वाकड्या पावलांवर दर आठवड्याला प्लास्टर बदलत उपचार होतात आणि त्यांचा खर्च तुलनेने फार कमी असतो. त्यामुळे ‘जन्मजात व्यंग’ एवढ्या दोन शब्दांवर निर्णय न घेता, डॉक्टरांनी अर्जावर लिहिलेली शस्त्रक्रियेची मुदत पाहून अर्जांचा क्रम लावावा, असे माझे मत आहे. आज बहुतेक अर्जांत या मुदतीसाठी रकानाच नसतो.

येथे कोणी विचारील की के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि जे.जे. ही रुग्णालये असताना, आणि परळला मुलांसाठी स्वतंत्र वाडिया रुग्णालय असताना, पैशांचा प्रश्न इतका तीव्र का व्हावा. हा प्रश्न योग्य आहे. कोणत्याही आईवडिलांना मी प्रथम हेच विचारते की सार्वजनिक रुग्णालयात जागा आहे का ते पाहिले काय, कारण तेथील बालशल्यचिकित्सक अनुभवी असतात आणि खर्च फार कमी येतो. परंतु नवजात अतिदक्षता कक्षातील व्हेंटिलेटर मोजके असतात आणि त्यांच्यावर मुंबईबरोबरच ठाणे, पालघर, रायगडपासून मराठवाड्यापर्यंतच्या बाळांचा भार असतो. जागा नसेल तर बाळ खाजगी रुग्णालयात जाते, आणि श्वासाच्या नळीवर असलेल्या बाळाला तेथून पुन्हा हलवणे धोक्याचे असते. सार्वजनिक रुग्णालयातही काही औषधे आणि साहित्य बाहेरून आणावे लागते. महापालिकेच्या रुग्णालयांतील पुअर बॉक्स निधीतून आम्ही पुष्कळ बाळांसाठी पैसे काढले आहेत, पण तो निधी साऱ्या रुग्णालयासाठी असतो.

शासनाच्या योजनाही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुंबईत २०१२ पासून, आधी राजीव गांधींच्या नावाने, चालू आहे, आणि आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. मात्र त्यात जन्मजात दोषांची जी नऊ नावे आहेत, ती मज्जारज्जूचे व्यंग, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडी पावले, खुब्याच्या सांध्याचा दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाचा विकार ही आहेत. तुटलेली अन्ननलिका, गुदद्वार नसणे, छातीत चढलेली आतडी ही नावे त्यांत नाहीत. नेमक्या याच व्यंगांत बाळाला पहिल्या काही दिवसांत शल्यचिकित्सकाची गरज पडते. जन आरोग्य योजनेत यांतील अनेक शस्त्रक्रिया आहेत, परंतु बाळ ज्या रुग्णालयात आहे ते योजनेत असावे लागते. या सर्व जाळ्यांतून जी बाळे निसटतात, त्यांचे आईवडील आपल्या दारी येतात.

अशाच एका बाळाची हकिगत, कोणाचेही नाव न घेता, सांगते. वडील भिवंडीच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात, बिऱ्हाड दिव्याला आहे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात. बाळाला तुटलेल्या अन्ननलिकेचे व्यंग होते. सार्वजनिक रुग्णालयांत त्या रात्री व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, म्हणून बाळ एका खाजगी रुग्णालयात दाखल झाले आणि सकाळी वडिलांच्या हातात साडेचार लाखांचे एस्टिमेट पडले. आम्ही मिळून काही संस्थांकडे अर्ज केले. एका कार्यालयात बाळाच्या आधार कार्डाशिवाय अर्ज दाखल करून घेता येणार नाही असे सांगण्यात आले, तेव्हा तो तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, “मावशी, ज्याचं अजून तोंडसुद्धा आम्ही नीट बघितलं नाही, त्याचं आधार कुठनं आणू?” दुसऱ्या एका संस्थेने अर्ज घेतला, पण विश्वस्तांची सभा पुढच्या पंधरवड्यात होती. त्या घराने थांबायचे नाही असे ठरवले, हे त्या बाळाचे नशीब. मंगळसूत्र आणि आजीच्या पाटल्या गहाण पडल्या, आत्याच्या नावावर पतपेढीतून कर्ज निघाले, गोदामातील सोबत्यांनी वर्गणी काढली, शल्यचिकित्सकांनी आपली फी सोडली आणि शस्त्रक्रिया झाली. बाळ वाचले, घरी गेले. त्यानंतर त्या संस्थेचे पत्र आले, त्यात रुग्ण घरी गेलेला असल्यामुळे अर्ज निकाली काढण्यात येत असल्याचे लिहिले होते. त्या संस्थेच्या नियमात ते बसत होते आणि तेथील कर्मचारी माझ्याशी सौजन्यानेच वागले. पतपेढीचे हप्ते मात्र ते कुटुंब अजून फेडत आहे, आणि बाळाला अन्ननलिकेचा जोड आवळल्यामुळे ती रुंद करून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा भूल देऊन आणावे लागते, त्याचा खर्च वेगळा.

या हकिगतीत मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट सांगते. पैसे उभे राहण्यात जो वेळ जातो, त्यात घरातल्या घरात बाळाविषयीचा निर्णय फिरू लागतो. पहिल्या दिवशी “काय वाटेल ते करा, पण वाचवा” म्हणणारे आजोबा चौथ्या दिवशी “देवाच्या मनात असेल तसं होईल” म्हणू लागतात. बाळ मुलगी असेल तर हे बोलणे लवकर सुरू होते, हे मी इतक्या घरांत ऐकले आहे की लिहिताना मला संकोच वाटत नाही. त्या आजोबांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्यापुढे घरातील इतर मुलांचे पोट असते. पण अशा वेळी एखाद्या संस्थेचे, निम्म्या रकमेचे का होईना, हमीपत्र हातात आले, तर त्या घरातील बोलणे पुन्हा बाळाच्या बाजूला वळते. आपल्या धनादेशाचे मोल त्यावर लिहिलेल्या आकड्याहून किती मोठे असते, हे आपल्याला कार्यालयात बसून दिसत नसावे.

आता माझ्या विनंत्या. पहिली आणि मुख्य विनंती अशी की, एक महिन्याच्या आतील बाळाचा अर्ज आला, तर तो सभेपर्यंत न ठेवता दोन विश्वस्तांनी फोनवरून विचार करून एका दिवसाच्या आत मंजूर किंवा नामंजूर करावा, आणि मंजूर झाल्यास रुग्णालयाला त्याच दिवशी हमीपत्र पाठवावे. प्रत्यक्ष धनादेश पुढील सभेत निघाला तरी चालेल. अशा हमीवर रुग्णालये डिपॉझिटची अट शिथिल करतात, हा माझा अनुभव आहे. दोन विश्वस्तांना असा अधिकार द्यायला एका सभेतील एक ठराव पुरेसा होईल.

दुसरी विनंती कागदपत्रांची. बाळाच्या बाबतीत आईचे आधार कार्ड, आईवडिलांची शिधापत्रिका आणि रुग्णालयाने दिलेला जन्माचा किंवा दाखल करून घेतल्याचा कागद एवढे पुरेसे मानावे, आणि उत्पन्नाचा दाखला मागाहून देण्याची मुभा असावी. यात आपण काही नवे धाडस करणार नाही. जन आरोग्य योजनेत बाळाचे नाव शिधापत्रिकेत नसले, तरी आईवडिलांसोबतचे छायाचित्र, जन्मदाखला आणि शिधापत्रिकेत नाव असलेल्या पालकाचे ओळखपत्र यांवर काम होते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. धर्मादाय रुग्णालयांबाबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून जी योजना लागू आहे, तिच्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखलेल्या आहेत. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यावे आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत, असेही तिच्यात आहे. शासनाला आणि न्यायालयाला जी लवचीकता परवडते, ती दानधर्मासाठीच स्थापन झालेल्या संस्थेला जड जाऊ नये.

या योजनेविषयी एक गोष्ट जाता जाता सांगते. आज वर्षाला १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न असलेले दुर्बल घटकांत मोडते, हे असंख्य आईवडिलांना ठाऊकच नसते, आणि बाळ दाखल झाल्यावर त्या गोंधळात त्यांना कोणी सांगतही नाही. आपल्या कार्यालयात अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, बाळ असलेले रुग्णालय धर्मादाय आहे का आणि तेथील समाजसेवकाकडे या योजनेसाठी विचारणा केली का, एवढे दोन प्रश्न जरी आपल्या कर्मचाऱ्यांनी विचारले, तरी कित्येकदा आपला निधी खर्च न होता काम होईल.

तिसरी विनंती थोडी वेगळी आहे आणि तिचा आपण गांभीर्याने विचार करावा. गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यात, अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास, जी सोनोग्राफी होते, तिच्यात यांतील बरीच व्यंगे आधीच दिसू शकतात. छातीत चढलेली आतडी, पोटाबाहेर आलेली आतडी, मणक्याचे उघडे व्यंग, हृदयाचे मोठे दोष ही त्यांतली काही. ज्या आईवडिलांना हे आधी कळते आणि जे गर्भ ठेवण्याचा निर्णय घेतात, त्यांच्या हातात काही महिने असतात. परंतु रुग्णच जन्माला आलेला नाही, या कारणाने त्यांचा अर्ज कोणी घेत नाही. असा अर्ज आईच्या नावाने, गर्भतज्ज्ञांच्या आणि बालशल्यचिकित्सकांच्या पत्रावर स्वीकारून सशर्त मंजुरी देऊन ठेवली, तर आईला प्रसूतीसाठी थेट अशा ठिकाणी दाखल होता येईल जेथे बाळावर शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि जन्मल्या-जन्मल्या बाळाला रुग्णवाहिकेतून शहरभर फिरवण्याची वेळ येणार नाही. ज्यांनी पावसाळ्यातल्या संध्याकाळी कळव्याहून परळपर्यंत पूर्वद्रुतगती मार्गाने असे बाळ आणले आहे, त्यांना या एका सुधारणेचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

चौथी गोष्ट टप्प्यांची. गुदद्वार नसलेल्या बाळांपैकी अनेकांवर आधी जन्मानंतरच्या एक-दोन दिवसांत पोटावर शौचासाठी वाट काढून देण्याची शस्त्रक्रिया होते, काही महिन्यांनी मूळ जागी गुदद्वार तयार केले जाते आणि त्यानंतर पोटावरची वाट बंद केली जाते. म्हणजे एका बाळाला तीन वेळा पैसे लागतात. आपल्यापैकी अनेक संस्थांत एका रुग्णाला एकदाच मदत असा नियम आहे. दान जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचावे हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. परंतु पहिल्या टप्प्याला मदत देऊन पुढच्या टप्प्यांना नाकारल्याने पोटावर पिशवी बांधलेली मुले वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि शाळेत जायच्या वयात घरात बसतात. एकाच व्यंगाच्या सर्व टप्प्यांची मिळून एक मदत समजावी आणि तिचे हप्ते करावेत, म्हणजे नियमही राहील आणि मूलही बरे होईल. तसेच मदत केवळ शस्त्रक्रियेच्या नावावर न देता अतिदक्षता कक्षातील दिवस, शिरेतून द्यायचे पोषण आणि बाहेरून आणावी लागणारी औषधे यांनाही लागू करावी, कारण एस्टिमेट शस्त्रक्रियेचे असते पण बिल दिवसांचे वाढते.

पाचवी विनंती लिहिणे मला कठीण जाते. सर्व प्रयत्न करूनही काही बाळे जात असतात. अशा वेळी मंजूर झालेली मदत रद्द करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, कारण रुग्ण राहिला नाही. परंतु बाळासाठी रुग्णालयाने केलेला खर्च झालेलाच असतो आणि ते बिल त्या आईवडिलांच्या माथ्यावर राहते. बाळाचे अंत्यसंस्कार आटोपून आलेल्या बापाला त्याच आठवड्यात सावकाराकडे जावे लागू नये, यासाठी अर्जाच्या तारखेला बाळ जिवंत होते एवढी अट पुरेशी मानावी. हाच न्याय घरी गेलेल्या बाळालाही लावावा, आणि डिस्चार्ज झाला म्हणून अर्ज निकाली काढू नयेत.

या सर्व मोकळिकीचा गैरफायदा घेतला जाईल ही आपली काळजी मला समजते. खोटी एस्टिमेटे आणि दलाल या शहरात आहेत, आणि दात्यांच्या पैशाचा हिशेब आपल्याला द्यायचा असतो. म्हणूनच पैसे कुटुंबाच्या खात्यात न देता रुग्णालयाच्या नावाने आणि आंतररुग्ण क्रमांक लिहूनच द्यावेत, हा आपला नियम कायम ठेवावा. नवजात कक्षातील डॉक्टरांना आणि रुग्णालयातील समाजसेवकाला त्याच वेळी फोन करून खातरजमा करावी. अतिदक्षता कक्षातील बाळ खोटे असू शकत नाही, आणि ते पाहून यायला अर्धा दिवस लागतो. याउलट आधार कार्ड आणि शिफारसपत्र ही अस्सल असूनही एस्टिमेट फुगवलेले असू शकते. सावधगिरी जेथे उपयोगी पडते तेथे ती वाढवावी आणि जेथे ती केवळ वेळ खाते तेथे कमी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडून वेळेवर मदत न मिळाल्याने आईवडील हल्ली समाजमाध्यमांवर आणि निधी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर वळतात. त्यांतून पुष्कळ बाळांना पैसे मिळाले आहेत आणि अनोळखी माणसांनी दिलेल्या त्या शंभर-दोनशे रुपयांविषयी मला आदर आहे. परंतु तेथे पैसे मिळण्यासाठी नळ्या लावलेल्या उघड्या बाळाचे छायाचित्र आणि आईचा रडतानाचा चेहरा जगापुढे ठेवावा लागतो, आणि ती चित्रे पुढे कधीच पुसली जात नाहीत. गुदद्वाराच्या किंवा जननेंद्रियांच्या व्यंगासह जन्मलेल्या मुलीचे असे छायाचित्र तिच्या लग्नाच्या वयातही कोणाच्या तरी फोनमध्ये असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. शिवाय ज्यांना इंग्रजीत मजकूर लिहून देणारे कोणी नाही आणि ज्यांच्या ओळखीत पैसेवाले नाहीत, त्यांचे आवाहन वर येतच नाही. आपल्या संस्थांमध्ये गरज पाहून निर्णय होतो, गोष्ट कशी सांगितली आहे ते पाहून होत नाही. ही आपली मोठी ताकद आहे आणि ती नवजात बाळांच्या उपयोगी यावी. कृपया आपल्या अहवालात आणि फलकांवरही बाळांची छायाचित्रे छापू नयेत.

माननीय धर्मादाय आयुक्तांना या पत्राची प्रत पाठवण्यामागे दोन अपेक्षा आहेत. आज एक आईबाप प्रत्येक संस्थेसाठी वेगळा अर्ज भरतात आणि प्रत्येक जण मूळ एस्टिमेट मागतो, पण मूळ प्रत एकच असते. सर्व संस्थांना चालेल असा नवजात बाळांसाठीचा एक समान अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाने ठरवून दिला आणि साक्षांकित प्रत स्वीकारण्याविषयी परिपत्रक काढले, तर वडिलांचे निम्मे हेलपाटे वाचतील. तसेच कोणत्या संस्थेने किती हमी दिली हे इतर संस्थांना कळण्याची सोय झाली, तर एकाच बाळाला गरजेपेक्षा अधिक आणि दुसऱ्याला काहीच नाही असे घडणार नाही.

मुंबईने नवजात बाळांसाठी याआधी मोठी कामे केली आहेत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि ज्या आयांना स्वतःच्या बाळापेक्षा अधिक दूध येत होते त्यांनी ते अनोळखी बाळांसाठी दिले. तेथे बाळाचे नाव, गाव, जात कोणी विचारले नाही आणि त्याची लगेचची भूक पाहिली गेली. पैशांच्या मदतीतही हे शक्य आहे असा माझा विश्वास आहे.

नवजात बाळांसाठीच्या अशा समान अर्जाचा एक पानी नमुना, शस्त्रक्रियेच्या मुदतीच्या रकान्यासह, मी आणि माझ्यासोबत काम केलेल्या काही निवृत्त समाजसेविकांनी मराठी आणि हिंदीत तयार केला आहे. ज्या विश्वस्त मंडळाला तो पाहायचा असेल त्यांच्या सभेला आम्ही स्वखर्चाने येऊ आणि शंकांची उत्तरे देऊ. बालशल्यचिकित्सेतील अनुभवी डॉक्टरांनाही सोबत आणू. आपल्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर दोन विश्वस्तांना तातडीचा अधिकार देण्याचा ठराव घ्यावा आणि त्याचा निर्णय आपल्या कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लावावा, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेविका
परळ, मुंबई